कसाबला कोणी पकडलं?

गेल्या २६ नोव्हेंबरला होस्टेलच्या नोटीस बोर्डवर मी श्रद्धांजलीचा कागद लावत होतो. फर्स्ट इयरच्या एका ज्युनियरने विचारलं, "दादा, कसाबला कमांडोंनीच पकडलं ना?" मी बिनधास्त "हो" म्हणालो. रात्री मेसमध्ये आमच्या एका सरांनी ऐकवलं, "अरे, कमांडो मुंबईत पोहोचायच्या आधीच पोलिसांनी त्याला धरला होता!" माझी मान खाली.

मित्रांनो, २००८ साली मी बालवाडीत होतो, तो ज्युनियर तर रांगत असेल. आपल्याला आठवण अशी नाहीच, फक्त तारीख पाठ आहे. म्हणून पुढचे दोन रविवार सबमिशन बाजूला ठेवून ओझरला, विघ्नहराच्या देवळामागे कुकडीच्या काठी बसून मी हेच वाचत होतो.

दहा जण समुद्रातून आले. 'कुबेर' ही मच्छीमार बोट त्यांनी पळवली होती. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली. कसाब आणि त्याचा साथीदार सीएसटीत घुसले, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून प्रवाशांना सावध करत राहिले. रोज लोकलच्या वेळा सांगणारा तो आवाज! नंतर कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर शहीद झाले. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत चोरलेली स्कोडा अडली. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे लाठी घेऊन पुढे झाले. त्यांनी एके-४७ ची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं.

'जिवंत' या शब्दापाशी मी बराच वेळ अडलो. बाकीचे नऊही मारले गेले. हा एक हाती लागला म्हणून बोट, जीपीएस, फोनवरची संभाषणं यांचे धागे एका माणसापाशी जुळवता आले. रीतसर खटला चालला. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्या पुण्यात, येरवड्याला फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी मात्र पुरेशा पुराव्याअभावी निर्दोष सुटले. खरं सांगू? वाचताना आधी खटकलं. मग वाटलं, खटला चालवायचा म्हणजे हेही आलंच.

आपल्या ई अँड टीसीवाल्यांसाठी एक गोष्ट. हल्लेखोरांना पाकिस्तानातून सूचना येत होत्या त्या इंटरनेटवरच्या फोनने, आणि तिकडे बसलेले लोक आपल्याच चॅनेलांचं थेट प्रक्षेपण बघत होते. सुप्रीम कोर्टाने त्यावर चॅनेलांना खडसावलं.

बदलही झाले. २००८ च्या डिसेंबरमध्ये एनआयएचा कायदा आला. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून विमानाने आणावे लागले होते, म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रं झाली. राज्याने 'फोर्स वन' उभारलं. पोलिसांची तयारी तपासायला राम प्रधान समिती नेमली होती. कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून भारतात आणलं, ते तर थेट एप्रिल २०२५ मध्ये.

परवा त्या ज्युनियरला गाठून चूक कबूल केली. सगळं ऐकून घेतलं त्याने, आणि म्हणाला, "पण दादा, समोर एके-४७ आणि ओंबळेंच्या हातात लाठीच का?"

प्रधान समितीचा अहवाल आता त्यासाठी वाचायला घेतलाय.