वाट पाहण्याला तास ठरवून दे

गोंदिया

चि. सोनूस,


फोनवर तू "हो मामा, ठीक आहे" म्हणतेस आणि लगेच आईच्या हाती फोन देतेस. ताई सांगते की अभ्यासिकेत जाणं तू सोडलंस, रात्रभर जागी असतेस आणि पुस्तक उघडं असलं तरी पान उलटत नाही. म्हणून हे पत्र. उत्तराची घाई नाही.

तू आळशी झालेली नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. सरकारी नोकरीसाठी गर्दी किती आहे ते बघ. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त. रेल्वेने २०१९ मध्ये एनटीपीसीच्या, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या, ३५ हजार जागा काढल्या, अर्ज सव्वा कोटीच्या घरात गेले आणि पहिलीच परीक्षा सुरू व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. एवढ्या गर्दीत यादीत नाव नाही, यावरून तुझी लायकी ठरत नाही. माणूस अभ्यासाने थकतो त्याहून जास्त वाट पाहून थकतो. आधी जाहिरातीची वाट, मग हॉल तिकिटाची, उत्तरतालिकेची, निकालाची. यातलं काहीच तुझ्या हाती नाही, आणि तुझा अख्खा दिवस मात्र त्यातच जातोय.

असं तुझ्या एकटीचंच होत नाही. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गाव आहे. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला. १९३३ मध्ये त्यावर पुस्तक निघालं. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. माणसं रस्त्याने चालायचीसुद्धा हळू. पगारासोबत काम माणसाला दिवसाची घडी देतं, चार माणसांत नेतं आणि आपला कुणाला तरी उपयोग आहे हे जाणवू देतं, असं याहोदाने पुढे मांडलं. नोकरी लागेपर्यंत या तीन गोष्टी तुलाच उभ्या करायच्या आहेत.

घडीपासून सुरुवात कर. सकाळी चार तास अभ्यास, तोही अभ्यासिकेत. भरतीच्या बातम्या संध्याकाळी अर्धा तास, एकदाच. कट-ऑफचे अंदाज लावणाऱ्या टेलिग्राम ग्रुपमधून आजच बाहेर पड. रात्री फोन आईच्या खोलीत ठेव. रविवारी पुस्तकाला हात लावू नकोस.

माणसं टाळू नकोस. सध्या धानाची रोवणी चालू आहे. एक दिवस बायकांसोबत बांधीत उतर. कंबर दुखेल, पण रात्री झोप लागेल आणि दिवसभर गप्पा होतील. कुणी "लागली का नोकरी?" विचारलंच, तर "तयारी चालू आहे, काकू" एवढं पुरे. त्यांना कट-ऑफ समजावत बसू नकोस.

उपयोगाचं म्हणशील तर गावातल्या आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकव, किंवा एखाद्या राईस मिलमध्ये अर्धवेळ हिशेबाचं काम बघ. हातात स्वतःचे चार पैसे आले की परीक्षेची फी मागताना मान खाली जाणार नाही. त्याला हार समजू नकोस. आणखी किती वर्षं परीक्षा द्यायच्या, हेही आई-बाबांसोबत बसून आत्ताच ठरव आणि कागदावर लिहून ठेव. मन शांत असताना ठरवलेली मर्यादा निकालाच्या रात्री उपयोगी पडते.

एवढं करूनही दोन आठवडे झोप-जेवण जागेवर आलं नाही, तर गोंदियाला ये. आपण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटू. ताप आला की जातोच ना आपण? आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडे थांबू नकोस. त्याच क्षणी आईला उठव, मला फोन कर किंवा १४४१६ वर बोल. ही टेलि-मानस सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. रात्रंदिवस चालते, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

नोकरी कधी लागेल हे मी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर तूही विश्वास ठेवू नकोस. उद्या सकाळी मात्र आंघोळ करून अभ्यासिकेत जा. एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा