रंग नको, टीप हवी

वरूड

चिरंजीव पुतणीस,


परीक्षेचं सगळं वाचन आता पीडीएफवरच होतं, तर त्यावर टिपा कशा काढायच्या, असं तू विचारलंस. कोणतं बटण कुठं आहे हे तुला माझ्याआधी सापडेल. माझा आक्षेप ओळी पिवळ्या करत सुटण्यावर आहे. इथं काहीतरी महत्त्वाचं वाटलं, एवढंच रंग सांगतो. का वाटलं ते दोन महिन्यांनी तुलाही सांगता येत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. त्यात ओळी रंगवणं सगळ्यांत कमी उपयोगाच्या गटात गेलं, आणि स्वतःला प्रश्न विचारून उत्तर आठवणं सगळ्यांत वरच्या. तेव्हा रंग लावायचाच तर लाव, पण त्याला जोडलेल्या चौकटीत एक प्रश्न लिही. भूजल अहवालात आपला वरूड तालुका ‘अतिशोषित’ दिसतो. ती ओळ रंगवून काय मिळणार? ‘ही नोंद कोणत्या वर्षाची? संत्राबागांच्या बोअरचा उपसा यात कसा मोजला?’ असं लिहिलंस, तर पुढच्या वेळी तेच पान तुझी परीक्षा घेईल.

यात वेळ जातो, असं तू म्हणशील. जातो, नाकारत नाही. पण शंभर ओळी रंगवून पुन्हा सगळं पुस्तक वाचण्यात जातो त्याहून कमी. मग वहीच काय वाईट, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वहीत विचार मोकळा होतो, हे खरं. पण तो कोणत्या वाक्यावरून सुचला ते वही विसरते. टीप वाक्याला चिकटून राहते, आणि कोण काय म्हणालं ते वेगळं ठेवता येतं. याचा धडा आपल्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरलाच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र जुळवलं ते साक्षीदारांना विचारून. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना जे आठवलं त्यावरून ती पुन्हा उभी करावी लागली. म्हणून हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे भेद नावानिशी नोंदले गेले. तूही तेवढं पाळ: सरांचं मत असेल तर ‘सर’, तुझी शंका असेल तर ‘मी’. नाहीतर वर्षभरानं तुझंच अनुमान तुला पुस्तकातलं वाटू लागेल.

धाड आता लॅपटॉपवर येते. ॲडोबीनं १९९३ मध्ये पीडीएफ आणलं, २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्या रचनेत टीप पानावर वेगळी बसते, मूळ मजकुराला धक्का लागत नाही. म्हणून ती पुसता येते, बदलता येते, अनेक प्रोग्रॅममध्ये सगळ्या टिपांची यादीही मिळते. पण काही प्रोग्रॅम टिपा फाइलमध्ये न ठेवता स्वतःपाशी ठेवतात. फाइल मैत्रिणीला पाठवली की ती कोरी निघते. म्हणून नवा प्रोग्रॅम घेतलास की आधी दोनचार टिपा काढ, फाइल सेव्ह कर आणि दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बघ. टिपा दिसल्या तरच पुढचं काम. आणि टिपांसकट पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नकोस. तसं केलं की त्या पानात विरतात, मग दुरुस्ती नाही.

आता मराठीची खास अडचण. जुन्या फॉन्टांतल्या कित्येक फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, पण ओळ कॉपी केली की भलतीच अक्षरं येतात, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानाचं तर चित्रच असतं, तिथं ओळ निवडताच येत नाही. अशा वेळी मजकुराच्या भरवशावर राहू नकोस. कडेला टीपचिठ्ठी लाव आणि तीत युनिकोडमध्ये दोन ओळखीचे शब्द टाक: ‘भूजल’, ‘पंचायतराज’, जे असेल ते. मग पानातलं मराठी सापडो न सापडो, टिपांच्या यादीत तुझे शब्द दिसतील. पानावर थेट टंकलेल्या चौकटीत जोडाक्षरं फुटत असतील, तर तो नाद सोड. चिठ्ठीत ती बहुधा नीट राहतात.

तुझा,
काका