काळी पिन, राखाडी पिन

मुलांनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. पोळ्याला मोठ्या माणसांचे खरे बैल सजतात. तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल सजतात. या लाकडी बैलाला नंदी म्हणतात. त्याला खाली चाके असतात आणि मुले दोरी धरून तो ओढत नेतात. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात, दुसरे रघूजी राजे (१७८८ ते १८१६) गादीवर असताना ही प्रथा सुरू झाली, असे सांगतात. तुम्ही महालात राहत असा की मोमिनपुऱ्यात, रस्त्याने खडखडत जाणारे हे नंदी तुम्ही नक्कीच पाहिले असतील.

पुढच्या वेळी नंदी दिसला, तर त्याची झूल आणि शिंगांवरचा बेगड पाहून झाल्यावर जरा खाली वाका आणि त्याचे सांधे पाहा. नंदी एका फळीवर उभा असतो. फळीला तो पक्का बसवलेला असतो. हलवला तरी हलत नाही. त्याच फळीखाली चाके असतात. ती मात्र बोट लावले की फिरतात. सुतार एकच, लाकूड एकच. पण एका भोकात त्याने खुंटी ठोकून ठोकून बसवली आणि दुसऱ्या भोकात आस सहज फिरेल एवढी जागा ठेवली. समजा, त्याने उलटे केले असते तर? नंदी फळीवर डुलला असता आणि चाके न फिरता जमिनीवर घासत गेली असती.

सांधा घट्ट हवा की सैल, हा प्रश्न प्रत्येक कारागिराला पडतो. शिंप्याची कात्री घ्या. तिचा स्क्रू फार आवळला, तर अंगठा दुखतो. फार सैल सोडला, तर कापड कापले न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडते. घरातल्या अडकित्त्याचेही तसेच. खेळण्यांच्या संचांत हा प्रश्न कसा सोडवला आहे, ते आता पाहू.

सुटे भाग जोडून गाडी, पूल, यारी अशा वस्तू बनवायच्या, असे काही खेळ असतात. यारी म्हणजे जड वजन उचलणारी क्रेन. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात राहणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली अशा एका खेळाचे पेटंट घेतले. पुढे तो 'मेकॅनो' या नावाने जगभर गेला. भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, नट, बोल्ट आणि एक लहान पाना, एवढे साहित्य त्यात असे. आपल्याकडे 'मेकॅनिक्स' नावाचे संच मिळतात, तेही याच पद्धतीचे.

नट-बोल्टच्या खेळात सांधा किती घट्ट करायचा, हे खेळणारा मुलगा किंवा मुलगी ठरवते. पान्याने नट पूर्ण आवळला की दोन्ही पट्ट्या जागच्या जागी बसतात. थोडा सैल सोडला की त्या फिरतात. पण येथे एक अडचण आहे. पट्टी फिरू लागली की तिच्याबरोबर सैल नटही हळूहळू फिरतो आणि शेवटी गळून पडतो. त्यावर उपाय म्हणून दोन नट वापरतात. पहिला नट थोडी जागा सोडून लावायचा आणि दुसरा नट त्याच्यावर घट्ट आवळायचा. दोन्ही नट एकमेकांना धरून ठेवतात, आणि पट्टीला फिरायला जागा उरते. सायकलच्या चाकाच्या आसावर मेकॅनिक असेच दोन नट लावतो. दुकानात गेलात तर बारकाईने पाहा.

नंतर प्लॅस्टिकचे संच आले. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७७ साली यंत्रे बनवण्याचे संच काढले. त्यांत पट्ट्यांना भोके असतात आणि भोकात प्लॅस्टिकची लहानशी पिन दाबून दोन पट्ट्या जोडतात. ना नट, ना बोल्ट, ना पाना. पिन दाबली की 'खट्' असा आवाज होतो आणि जोड तयार!

पण पाना गेला, म्हणजे घट्ट-सैल करण्याचे साधनही गेले. मग सांधा घट्ट की सैल, हे कोण ठरवणार? ते कारखान्यातच ठरवावे लागले. म्हणून अशा संचांत दोन प्रकारच्या पिना असतात. आजच्या लेगो संचातील काळी पिन घट्ट असते आणि त्याच आकाराची राखाडी पिन सैल असते. तीन भोकांएवढ्या लांब पिनांमध्ये निळी घट्ट आणि बदामी सैल. रंग शोभेसाठी दिलेला नाही. शंभर पिनांच्या ढिगातून हवी ती पिन पटकन सापडावी, यासाठी तो आहे.

दोन पिना हातात घेतल्या, तर प्रथम त्या सारख्याच दिसतात. दोन्ही आतून पोकळ. दोन्हींच्या मधोमध एक गोल कडे. त्या कड्यामुळे पिन भोकातून आरपार जात नाही. टोकाला फट ठेवलेली असते आणि टोकाची कडा किंचित बाहेर आलेली असते. पिन भोकात दाबताना फटीमुळे टोक आत दबते. पलीकडे पोहोचल्यावर ते पुन्हा फुगते आणि त्याची कडा भोकाच्या तोंडाशी असलेल्या खोलगट जागेत अडकते. तो 'खट्' आवाज याच वेळी येतो.

आता काळ्या पिनेवरून नख फिरवा. तिच्या अंगावर बारीक उंच रेषा लागतील. त्यांना कंगोरे म्हणू. राखाडी पिनेचे अंग मात्र गुळगुळीत असते. काळी पिन भोकात गेली की तिचे कंगोरे भोकाच्या भिंतीवर दाबले जातात. त्यामुळे पिन फिरवायला जोर लागतो. दोन वस्तू एकमेकींना टेकून सरकू लागल्या की सरकण्याला विरोध होतो. या विरोधाला घर्षण म्हणतात. शब्द अवघड वाटला, तरी त्याच्या पोटात आपले साधे 'घासणे' आहे. उर्दूत तुम्ही याला 'रगड' म्हणता. घर्षण किती होईल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: वस्तू कशाच्या बनल्या आहेत, आणि त्या एकमेकींवर किती जोराने दाबल्या गेल्या आहेत. दोन्ही पिना प्लॅस्टिकच्याच आहेत. काळ्या पिनेत फक्त दाब वाढवला आहे, तोही केसाएवढ्या उंचवट्याने.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण येथेच गोंधळतात. निसटणे वेगळे आणि फिरणे वेगळे. राखाडी पिन सैल आहे, म्हणजे ती भोकातून गळून पडते, असे नाही. तुमच्या सदऱ्याला किंवा फ्रॉकला टिचबटण असेल, तर ते लावून पाहा. ते आपोआप उघडत नाही. पण बोटाने गोल फिरवले, तर सहज फिरते. राखाडी पिन तशीच आहे. टोकाची कडा तिला निसटू देत नाही आणि गुळगुळीत अंग तिला फिरू देते. काळ्या पिनेत कडाही आहे आणि कंगोरेही आहेत. खरे म्हणजे सैल पिन बनवणे हेच जास्त कौशल्याचे काम आहे. ती फिरली पाहिजे, पण भोकात डुगडुगता कामा नये. भोक जरा मोठे झाले की चाक लंगडत चालते. स्वस्त नकली संचांत अनेकदा हेच घडते. एक पिन अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागते आणि दुसरी हात लावताच निघते.

आता यारी बनवू. एक उभा खांब, त्याच्या टोकाला एक लांब आडवी पट्टी, आणि दोघांना जोडणारी एकच पिन. ही पिन राखाडी असेल, तर पट्टी वर उचलून हात काढताच ती खाली पडते. मूल म्हणते, "खेळणे बिघडले." पण खेळण्याचे काहीच बिघडलेले नाही, पिन चुकीची आहे. काळी पिन लावा. पट्टी जेथे ठेवाल तेथे थांबेल. आता पट्टीवर पिनेजवळ एक खोडरबर बांधा. पट्टी बहुधा तशीच राहील. तेच खोडरबर पट्टीच्या टोकाला बांधा. पट्टी झुकू लागेल! वजन तेच आहे. पण ते सांध्यापासून जितके दूर, तितका सांध्यावरचा पीळ अधिक. घर्षणालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की काळी पिनसुद्धा हार मानते. अशा वेळी खांबाच्या दोन्ही बाजूंनी, एकाच रेषेत, दोन काळ्या पिना लावतात. दोघींचे घर्षण एकत्र होते.

मग सगळीकडे काळ्याच पिना लावल्या तर? एकदा गाडी बनवून पाहा, म्हणजे कळेल. गाडीची पुढची दोन चाके एका आडव्या पट्टीने जोडलेली असतात. त्यामुळे ती एकाच वेळी वळतात. या जोडणीत चार-पाच सांधे येतात. प्रत्येक सांध्यात काळी पिन असेल, तर प्रत्येक पिन तुमच्या जोरातील थोडा थोडा वाटा खाऊन टाकते. सुकाणू जड होते. राखाडी पिना लावल्या की तीच चाके एका बोटाने वळतात.

आणि सैल पिनांनीच पक्की वस्तू बनवता येईल का? येईल! याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली युक्ती अशी. दोन पट्ट्या एका राखाडी पिनेने जोडल्या, तर त्या कात्रीसारख्या उघडतात व मिटतात. त्याच दोन पट्ट्यांना शेजारच्या भोकात दुसरी राखाडी पिन लावा. आता त्या मुळीच फिरत नाहीत. एका पिनेभोवती फिरायला जावे, तर दुसरी अडवते. दाराच्या पाटीला एकच खिळा मारला तर ती तिरकी होते, आणि दोन मारले तर सरळ राहते, त्याचे कारण हेच.

दुसरी युक्ती त्रिकोणाची. चार पट्ट्या चार सैल पिनांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला. चौकोन कलंडतो. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा. कितीही ढकला, तो आकार बदलत नाही. पिना सैलच आहेत, पण तीन बाजूंची लांबी एकदा ठरली की त्रिकोणाचा आकारही ठरून जातो. लोखंडी पुलाच्या आणि विजेच्या उंच मनोऱ्याच्या सांगाड्यात जागोजागी त्रिकोण दिसतात, ते याचसाठी.

लेगोचे संच महाग असतात. तुमच्याकडे ते नसतील, तरी हा पाठ अडून राहत नाही. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर होशंगाबाद हे गाव आहे. आता त्याचे नाव नर्मदापुरम असे झाले आहे. तेथील खेड्यांतल्या शाळांसाठी १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले. त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये असते ती बारीक रबरी नळी यांतून मुलांसाठी मेकॅनो तयार केला. पुढे त्यांनी पुण्यात 'आयुका' या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात बरीच वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही जोडणी फार सोपी आहे. व्हॉल्व्हच्या नळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापा. आगकाडीचे गूल आधी खरवडून टाका. मग नळीच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सरकवा. रबर काडीला असे धरते की ओढली तरी ती सहज निघत नाही. पण सांधा मात्र वाकतो, कारण रबर स्वतःच लवते. म्हणजे न निसटणे आणि फिरणे ही दोन्ही कामे रबराचा एकच तुकडा करतो. तीन काड्या एकत्र आणायच्या असतील, तर बाभळीच्या काट्याने नळीला मधोमध भोक पाडा आणि तिसरी काडी त्यात घाला. मग या काड्यांचा चौकोन करा, त्रिकोण करा आणि दोन्ही ढकलून पाहा. व्हॉल्व्हची नळी सायकलच्या दुकानात मिळते. नवी नळी मऊ असते. उन्हात पडून कडक झालेली नळी काडीला नीट धरत नाही, म्हणून विकत घेताना ती ताणून पाहा.

स्वाध्याय

१. नट-बोल्टच्या संचात फिरणाऱ्या सांध्यावर दोन नट का लावतात?
२. काळी पिन आणि राखाडी पिन यांत कोणता फरक आहे?
३. "राखाडी पिन सैल आहे, तरी ती गळून पडत नाही." का? टिचबटणाचे उदाहरण देऊन सांगा.
४. कंसातील योग्य शब्द निवडा: यारीचा हात जागेवर थांबावा म्हणून (काळी / राखाडी) पिन लावावी. सुकाणू हलके फिरावे म्हणून (काळ्या / राखाडी) पिना लावाव्यात.
५. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा: घट्ट, गुळगुळीत, जड, महाग.
६. आपल्या घरातील पाच सांधे शोधा (दाराची बिजागरी, छत्रीची काडी, चिमटा यांसारखे). प्रत्येक सांधा घट्ट आहे की सैल, आणि तो तसा का ठेवला आहे, हे मराठीत दोन-दोन वाक्यांत लिहा.