डेकखाली ओपॉसम आला तर

न्यू जर्सी असो की नॉर्थ कॅरोलायना, अमेरिकेतल्या मराठी घरातून ‘डेकखाली मांजराएवढा उंदीर शिरलाय’ असा फोन कधीतरी जातोच. तो उंदीर नसतो. पांढरट तोंड, बिनकेसांची शेपूट आणि मादी असेल तर पोटाला पिशवी: हा ओपॉसम. मेक्सिकोच्या उत्तरेला पिशवीवाला प्राणी एवढा एकच. तो एका जागी फार दिवस राहत नाही. खायला आणि लपायला आयतं मिळालं, तरच रेंगाळतो.

काय करावे

• मांजराचं खाणं रात्री आत घ्या, कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, झाडाखाली पडलेली फळं उचला. पितृपक्षात कावळ्यासाठी डेकवर ठेवलेलं पानही दिवेलागणीआधी उचला. कावळा शिवो न शिवो, ओपॉसम नक्की शिवतो.

• डेकखालचं भोक बुजवण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करा. तोंडाशी थोडी कणीक भुरभुरा. त्याच्या मागच्या पावलाचा अंगठा आडवा फाकलेला असतो, त्यामुळे ठसा चटकन ओळखू येतो. किंवा वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन रात्री ते हलले नाहीत तर जागा रिकामी. कडाक्याच्या थंडीत मात्र तो काही दिवस बाहेरच पडत नाही, तेव्हा घाई नको. मग लोखंडी जाळी ठोका, खालची कड जमिनीत फूटभर गाडून.

• गॅरेजमध्ये शिरला तर संध्याकाळी दार उघडं ठेवा. कचऱ्याच्या डब्यात अडकला तर डबा आडवा करा आणि तुम्ही घरात जा.

• रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली आणि गाडी सुरक्षित थांबवता आली, तर तिची पिशवी बघा. आई गाडीखाली गेली तरी आतली पिलं जिवंत असू शकतात. हातमोजे घाला. पिलू आचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. आचळ त्याच्या तोंडात फुगलेलं असतं, ओढताना इजा होते. आईसकट खोक्यात ठेवा, ऊब द्या, राज्याच्या वन्यजीव खात्याच्या यादीतला परवानाधारक रिहॅबिलिटेटर शोधून लगेच फोन करा. दूध नाही, पाणीही नाही. आजीच्या कापसाच्या बोळ्याचा उपाय इथे पिलाच्या जिवावर बेततो. शेपूट सोडून सात इंचांहून मोठं, तरतरीत पिलू एकटं फिरताना दिसलं, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ते अनाथ नाही, आईच्या पाठीवरून उतरून स्वतःच्या पोटापाण्याला लागलेलं आहे.

काय टाळावे

• आडवा पडलेला ओपॉसम मेला असं धरून फावड्याने उचलू नका. तोंड वासलेलं, लाळ गळतेय, मागून घाणेरडा वास, अंग ताठ. तरी तो जिवंत असू शकतो. हे तो ठरवून करत नाही, भीतीने शरीरच तसं होतं. काही मिनिटांनी, कधी काही तासांनी उठतो. कुत्र्याला आत घ्या आणि काठीने ढोसू नका.

• डांबरगोळ्या टाकू नका. त्या अशा कामासाठी वापरणं अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे, शिवाय वास आधी तुमच्याच घरात शिरतो. विष तर नकोच.

• पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडू नका. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे. अनोळखी जागी त्याला ना आसरा माहीत, ना अन्न. आणि पकडलेली मादी असेल तर तिची पिलं मागे राहू शकतात.

• दातांना भिऊन दांडकं उचलू नका. दात पन्नास आहेत खरे, पण ते विचकणं बहुतेक वेळा नुसता दम असतो. रेबीज या प्राण्यात क्वचितच आढळतो. त्याच्या शरीराचं कमी तापमान हे त्याचं कारण मानलं जातं.

• हजारो गोचिड्या खाऊन टाकतो म्हणून त्याला मुद्दाम खाऊ घालू नका. तो हिशेब २००९ च्या प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून निघाला होता. २०२१ च्या अभ्यासात ३२ ओपॉसमच्या जठरांत काय आहे ते तपासलं, तेव्हा एकही गोचीड सापडली नाही. व्हॉट्सॲपवर तो मजकूर अजून फिरतोच आहे.

• विष्ठा उघड्या हाताने साफ करू नका. आणि चावलाच, तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद दाबून घरी बसू नका.