गीझरची एक बादली कितीला पडते?

गीझर किंवा हीटर घेताना आपण वॅट बघून घाबरतो. वॅट जास्त म्हणजे बिल जास्त, हा हिशेब अर्धाच आहे. बिल लागतं ते युनिटचं, आणि १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं.

उपकरणाच्या पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, भागाकार केला की ओहममध्ये रोध मिळतो. घरात २३० व्होल्ट येतात. गीझर ८.७ अँपिअर घेत असेल तर २३० गुणिले ८.७, म्हणजे सुमारे २००० वॅट. आणि २३० भागिले ८.७, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम. पंखा, फ्रिज अशा मोटरच्या उपकरणांना मात्र हा गुणाकार लावू नका. त्यांचे खरे वॅट त्याहून कमी भरतात, म्हणून पट्टीवर छापलेलाच आकडा घ्या.

आता खर्च. एक बादली म्हणजे १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं. २००० वॅटचा गीझर ते काम एकवीस मिनिटांत करतो, १००० वॅटचा रॉड बेचाळीस मिनिटांत. युनिट तेवढंच! संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं तर तोच गीझर १५०० वॅटच्या आसपास येतो. पाणी उशिरा तापतं, पण बिल त्यामुळे कमी होत नाही. वाचवायचं असेल तर पाणी कमी तापवा, किंवा कमी पाणी तापवा.

युनिटचा दर काढताना एकूण बिलाला युनिटने भागू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि गीझरची युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा, वर वीज शुल्क धरा. समजा हा दर १२ रुपये निघाला. मग एक बादली ८ रुपये ४० पैशांची, आणि रोजच्या दोन बादल्यांचे महिन्याला ५०४ रुपये.

आकडा पडताळायचा असेल तर बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' लिहिलं असेल आणि मिनिटाला १०६-१०७ वेळा दिवा लुकलुकला, तर गीझर २००० वॅटच घेतो आहे.

रोधाचा हिशेब पैशांपेक्षा सुरक्षिततेसाठी महत्त्वाचा. सॉकेट सैल झालं आणि तिथे नुसता अर्धा ओहम रोध तयार झाला, तर ८.७ अँपिअरला त्या जागी ३८ वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्याने प्लास्टिक वितळतं. म्हणून गीझर ६ अँपिअरच्या सॉकेटला कधीही लावू नका, १६ अँपिअरचंच हवं. गीझर चालवून झाल्यावर स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. तो गरम लागला तर वायरमनला बोलावून प्लग आणि सॉकेट दोन्ही त्याच दिवशी बदलून घ्या. हे काम काही शे रुपयांत होतं.