सिस्टर गुडघा ठोकून का बघतात?

बिडकीनहून पैठण रस्त्याने संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे निघालेल्या गाडीत बीपी वाढलेली गरोदर बाई असेल, तर सोबतच्या चिठ्ठीत एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे: मॅगसल्फ किती दिलं, शिरेतून की कमरेत, आणि किती वाजता. पुढचा डोस त्यावरच ठरतो. चिठ्ठी कोरी असेल तर गाडी सुटण्याआधी नातेवाइकांनी ते लिहून मागावं.

मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात बीपीमुळे येणारे झटके रोखायला आज हेच पहिलं औषध. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. औषध मिळालेल्यांमध्ये झटक्यांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. त्यातल्या जवळजवळ चौथाई बायकांना काही ना काही त्रासही झाला, बहुतेकींना अंग एकदम तापल्यासारखं वाटण्याचा. घरचे इथेच घाबरतात आणि 'पुढचं इंजेक्शन नको' म्हणतात. तसं मुळीच करू नये.

घाबरायचं ते वेगळ्याच खुणांना. हे औषध नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप मंदावतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते अंगात साठतं. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं अडखळतं. गुडघ्याला ठोकल्यावर पाय उडेनासा होतो, आणि तरीही डोस चालू राहिला तर श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक डोसाआधी गुडघा, श्वास आणि लघवी तपासायची असते. गुडघा ठोकलेला दिसला नाही, तर सिस्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावं.

सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी डोस किती हवा, याच प्रश्नाला थेट हात घातला. परदेशी पद्धतीचे मोठे डोस इथल्या कमी वजनाच्या बायकांना हवेतच कशाला? सुरुवातीला ४ ग्रॅम, मग दर तीन तासांनी २ ग्रॅम, अशी कमी डोसाची पद्धत त्यांनी २००३ मध्ये मांडली. महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असं हे काम आहे. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

औषध जास्त झालंच तर उतारा आहे: कॅल्शियम ग्लुकोनेट, शिरेतून सावकाश. ते खाटेजवळ तयार आहे का, हेही विचारावं. किडनीचा आजार किंवा मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असेल तर इंजेक्शन भरण्याआधीच सांगावं. घाईत कुणी विचारलं नाही, तरीही.