वारा पाहत बसले तर
शास्त्रभाग : उपदेशक 11:1-6



आज सकाळी ट्रेमध्ये मिरचीचा पहिला कोंब दिसला. 15 मार्चला पेरलं होतं, म्हणजे आज तेरावा दिवस. झेंडू पाचव्या दिवशी आणि टोमॅटो सातव्या दिवशी वर आले होते. मिरचीची आशा मी जवळजवळ सोडली होती. म्हणून आज मननाला हाच शास्त्रभाग घेतला.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की 3 मार्चला माझी नोकरी गेली. आम्ही शिकागोजवळ राहतो, व्हिसा एच-वन-बी. नोकरी सुटली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, माझे 2 मेला संपतात. आणि इथे टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर जमिनीत लावायची ती साधारण मेच्या मध्यानंतर, रात्रीचं दव गोठायचं थांबलं की. त्याआधी सहा ते आठ आठवडे, मिरचीला तर त्याहूनही जास्त, घरात दिव्याखाली वाढवावी लागतात. बियांची पाकिटं जानेवारीतच आणून ठेवली होती. नवरा म्हणाला, "अगं, आता कशाला पेरतेस? लावायची वेळ येईल तेव्हा आपण इथे असू का तरी?" प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा दिवस पाकिटं ड्रॉवरमध्येच राहिली.

उपदेशकाच्या या सहा वचनांत "तुला ठाऊक नाही" अशा अर्थाचे शब्द मूळ इब्री भाषेत चार वेळा येतात. दुसऱ्या वचनात एकदा, पाचव्यात दोनदा, सहाव्यात एकदा. पृथ्वीवर कोणतं संकट येईल ते ठाऊक नाही. वाऱ्याची वाट, गर्भात हाडं कशी घडतात, देवाचं काम, काहीच ठाऊक नाही. सकाळचं बी फळेल की संध्याकाळचं, तेही ठाऊक नाही. चौथ्या वचनात वारा पाहत बसणारा माणूस आहे, तो पेरणीच करत नाही. त्या देशात पेरणी पावसाळ्याच्या सुरुवातीला, हाताने बी फेकून व्हायची. जोराच्या वाऱ्यात बी भलतीकडे जाणार, हे खरंच होतं. त्यामुळे वारा पाहणारा माणूस मूर्ख नाही, सावध आहे. फक्त त्याचं शेत पडीक राहतं.

चौथ्या वचनातला "वारा" आणि पाचव्या वचनातला शब्द इब्रीत एकच आहे, रुआख. वारा, श्वास, आत्मा, तिन्ही अर्थ त्यात येतात. म्हणून पाचव्या वचनात काही भाषांतरं वारा म्हणतात, काही आत्मा. ज्या वाऱ्याकडे बघून मी हात आखडते, त्याच शब्दाने गर्भातल्या जीवनाची गोष्ट सुरू होते. हे मला गेल्या आठवड्यापर्यंत दिसलंच नव्हतं.

आईला व्हॉट्सॲपवर हे सांगत होते, तर ती म्हणाली, "अगं, तुझे आजोबा धूळपेरणी करायचे ना! पाऊस यायच्या आधीच, कोरड्या मातीत." पाऊस नाही आला तर? "तर दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे गेले. दोनदा गेले तसे." आईने त्यात काही गोड करून सांगितलं नाही. मला ते बरं वाटलं. कारण पेरा म्हणजे शंभरपट मिळेलच, असं या वचनावरून सांगणारे संदेश मी खूप ऐकलेत. वचनात तसं नाही. हे फळेल, ते फळेल, की दोन्ही, एवढंच तो म्हणतो, आणि तेही "ठाऊक नाही" असं सांगूनच.

शेवटी 15 तारखेला पेरलं. टोमॅटो आणि मिरची साधारण पाव इंच खोल, पेटुनियाचं बी मात्र मातीवर नुसतं ठेवायचं, झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. गेल्या वर्षी काळजीपोटी रोज वरून पाणी घातलं आणि अर्धा ट्रे मर लागून गेला, रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. आता पाणी खालच्या ट्रेमध्ये घालते, बाजूला छोटा पंखा. एलईडी ट्यूब रोपांपासून दोन-तीन इंचांवर, टायमर 16 तासांचा. एक्सेल शीट अर्थातच आहे. (सवय जात नाही.) त्याच शीटच्या दुसऱ्या टॅबमध्ये नोकरीचे 41 अर्ज आहेत.

आणि एक कबूल करते. दहाव्या दिवशी मी टूथपिकने मिरचीच्या एका कप्प्यातली माती उकरून पाहिली. बी फुटलेलं होतं, पांढरं मूळ खाली निघालं होतं. ते माझ्या टूथपिकने तुटलं. काही चालू आहे की नाही ते बघायला गेले आणि चालू असलेलंच मोडलं. त्या दिवशी मी दोन रिक्रूटरांना तिसऱ्यांदा मेसेज केला होता, हेही इथे लिहून ठेवते.

पहिली दोन वचनं मी नेहमी घाईत वाचायचे. भाकर पाण्यावर सोड, सात जणांना, आठ जणांना वाटा दे, कारण संकट कोणतं येईल ते ठाऊक नाही. माझं डोकं उलटं चालतं. संकट येणार असेल तर साठवून ठेवा. पण इथे न कळणं हेच वाटण्याचं कारण आहे. काल शेजारच्या आजींना विचारलं, मेमध्ये आम्ही नसलो तर रोपं घ्याल का? त्या म्हणाल्या, टोमॅटो घेईन, तिखट मिरची नको. मिरचीसाठी चर्चमधल्या एका तेलुगू कुटुंबाला विचारलंय. झेंडू कोणीही घेईल. वीस टोमॅटो, बारा झेंडू, पेटुनिया अजून मोजण्याएवढे मोठे नाहीत, मिरची आजपासून एक. शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे आता एक नाव आहे. नवऱ्याने ते पाहिलं आणि काही न बोलता खालच्या ट्रेमध्ये पाणी घातलं.

प्रार्थना : हे देवबापा, आज 25वा दिवस आहे. मला नोकरी हवी आहे, हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा मागते. उरलेल्या सात कप्प्यांतली माती मला उकरू देऊ नकोस. येशूच्या नावाने, आमेन.